शिष्यवृत्ती : कागद आणि हिशेब
(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त भरलेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



समितीची माणसे घरी आली तेव्हा मी त्यांना म्हणालो, बाबांनो, मी वक्ता नाही. एका महाविद्यालयाच्या कार्यालयात मी १९९१ ते २०२३ अशी ३२ वर्षे नोकरी केली आणि त्यातली बहुतेक वर्षे शिष्यवृत्तीच्या टेबलावर काढली. खिडकीच्या आत बसून बाहेर उभ्या असलेल्या पोरांना मी जे सांगितले, आणि जे सांगायचे राहून गेले, तेवढेच माझ्याकडे आहे. ते म्हणाले, तेच सांगा. म्हणून उभा राहिलो आहे.

आपल्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे. बाबासाहेब शिष्यवृत्तीवर शिकले हेही आपण मुलांना सांगतो. पण त्या शिष्यवृत्तीचा हिशेब आपण कधी नीट पाहतो का? एल्फिन्स्टन कॉलेजात असताना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून त्यांना महिना २५ रुपये मिळत. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी बडोदे संस्थानाने महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी दिले. त्यासाठी करार झाला होता. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानात नोकरी करायची, अशी अट होती. १९१७ साली मुदत संपली, तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धवट ठेवून त्यांना परत यावे लागले. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. म्हणजे बुद्धी एवढी मोठी असूनही पैशाची मुदत संपली की अभ्यास थांबतो, हे त्यांनी स्वतः भोगले होते.

म्हणूनच असेल, पुढे ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी पैसा मिळावा म्हणून त्यांनी पाठपुरावा केला. अनुसूचित जातीच्या मुलांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. आज आपली मुले 'भारत सरकार शिष्यवृत्ती' म्हणून जो अर्ज भरतात, तो तिचाच. तेव्हा मुलांनो, खिडकीशी उभे राहताना मान खाली घालू नका. ही कोणाची मेहेरबानी नाही. पण हक्क असला तरी तो कागदाच्या वाटेने येतो, आणि आलेल्या पैशाचा हिशेब ठेवावा लागतो. आज या दोनच गोष्टी मला सांगायच्या आहेत.

पहिली गोष्ट, कागद.

आपल्या लोकांचे सर्वांत जास्त अडते ते जातीच्या दाखल्यावर. याचे कारण आपल्या इतिहासातच आहे. १९५६ साली आपण धम्म स्वीकारला. आपल्या आजोबा-वडिलांनी अभिमानाने मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर 'बौद्ध' एवढेच लिहिले. त्यांचे काही चुकले नाही. पण सवलत मिळते ती मूळच्या अनुसूचित जातीतून धर्मांतर केलेल्यांना. बौद्ध झालेल्यांना केंद्र सरकारच्या सवलती मिळाल्या त्या १९९० च्या दुरुस्तीनंतर. त्यामुळे दाखला काढताना आणि पुढे पडताळणीच्या वेळी मूळ जात कागदावर दाखवावी लागते, आणि १० ऑगस्ट १९५० च्या आधी आपले कुटुंब कुठे राहत होते याचाही पुरावा मागतात. मुलाच्या दाखल्यावर 'बौद्ध', बापाच्या दाखल्यावर 'बौद्ध', आणि आजोबांचा कागद कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही, अशी कितीतरी पोरे मी परत जाताना पाहिली आहेत.

तो कागद बहुधा गावाकडे असतो. आपल्यातले कोणी रत्नागिरीकडचे, कोणी जालना-परभणीचे. मे महिन्यात गावी जाल तेव्हा एक दिवस यासाठी काढा. आजोबा किंवा चुलत आजोबा ज्या शाळेत गेले, तिथल्या रजिस्टरचा प्रवेश-निर्गम उतारा मागा. आजोबा शाळेत गेलेच नसतील, तर तहसीलमध्ये कोतवाल बुकाची, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदीची नक्कल मागा. वडिलांच्या बाजूच्या कोणा नातेवाइकाला पडताळणी प्रमाणपत्र मिळालेले असेल, तर त्याची प्रत सर्वांत मोलाची. आम्ही ती जात टाकली, मग तो कागद कशाला जपू, असे एका आजोबांनी मला विचारले होते. मी म्हणालो, बाबा, जात टाकलीत ते बरे केलेत, पण कागद टाकू नका. नातवाच्या इंजिनिअरिंगची फी त्या कागदावर आहे.

व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचे असेल तर पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजमार्फत करा. निकाल लागल्यावर धावाधाव केली तर समिती तुमच्यासाठी थांबत नाही, आणि प्रवेशाची यादीही थांबत नाही.

दुसरा कागद तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. भारत सरकार शिष्यवृत्तीला आई-वडिलांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागते. त्याच्या वर गेले की काहीच मिळत नाही, असे समजून पुष्कळ नोकरदार पालक अर्जच करत नाहीत. अडीच लाखांच्या वरच्यांसाठी शिक्षण फी आणि परीक्षा फी माफीची, म्हणजे फ्रीशिपची योजना वेगळी आहे. तिच्यात निर्वाहभत्ता नसतो एवढाच फरक. दहावीला ७५ टक्के किंवा जास्त गुण मिळालेल्यांना अकरावी-बारावीसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची गुणवत्ता शिष्यवृत्ती आहे, महिना ३०० रुपये, वर्षातले १० महिने. रक्कम लहान आहे म्हणून सोडू नका. महिन्याच्या पासाचे पैसे तरी निघतात.

२०१८ पासून हे अर्ज महाडीबीटीच्या पोर्टलवर भरले जातात. इथे तीन चुका मी दर वर्षी पाहिल्या.

एक, सायबर कॅफेवाला स्वतःचाच मोबाईल नंबर टाकतो आणि पासवर्ड त्याच्याच वहीत राहतो. पुढच्या वर्षी दुकान बंद, आणि पोरगी रडत खिडकीशी. नंबर घरातलाच द्या. पासवर्ड घरच्या वहीत लिहा.

दोन, अर्ज भरला म्हणजे झाले असे वाटते. तो आधी कॉलेजच्या कारकुनाकडे जातो, मग प्राचार्यांकडे, मग समाजकल्याण कार्यालयात. मध्ये कुठेही त्रुटी निघाली की तो तुमच्याकडे परत येतो, आणि तुम्ही उघडून पाहिले नाही तर तिथेच पडून राहतो. आठवड्यातून एकदा पाहायची सवय ठेवा. पुढच्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा भरावा लागतो. तो आपोआप होत नाही.

तीन, बँकेचे खाते. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. घरात तीन खाती असली की कोणते जोडले आहे ते कोणालाच ठाऊक नसते. अर्ज भरण्याआधी बँकेत जाऊन विचारा. आधार, गुणपत्रिका आणि पासबुक, तिन्हींवर नावाचे स्पेलिंग एकच हवे.

बाहेरगावी राहून शिकणाऱ्यांसाठी समाजकल्याणची वसतिगृहे आहेत. तिथे जागा मिळाली नाही तर बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे. ती सुरू झाली तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या शहरांत जेवण, खोली आणि निर्वाह मिळून वर्षाला ६० हजार, इतर महापालिकांच्या शहरांत ५१ हजार आणि बाकी ठिकाणी ४३ हजार ठरले होते. तिला गुणांची आणि हजेरीची अट आहे, आणि शिष्यवृत्तीतला निर्वाहभत्ता त्यातून वजा होतो. वसतिगृहही घेतले आणि स्वाधारही घेतले, असे चालत नाही.

आता दुसरी गोष्ट, हिशेब. आणि इथे मला माझीच एक चूक सांगायची आहे.

पूर्वी फीचे पैसे कॉलेजकडे जात आणि मुलाच्या हातात फक्त निर्वाहभत्ता येई. २०२१ पासून केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येऊ लागला. त्यात भत्ताही असतो आणि फीसुद्धा. समजा, इंजिनिअरिंगच्या मुलाची फी ४० हजार आहे आणि तो घरून ये-जा करतो. त्याचा वर्षाचा भत्ता ७ हजार. एकूण ४७ हजार, त्याचे ६० टक्के म्हणजे २८,२००. हे खात्यात दिसले की घरात आनंद होतो. पण त्यातले तुमचे फक्त ४,२००. उरलेले २४ हजार कॉलेजच्या फीचे. ते आल्यापासून सात दिवसांत कॉलेजात भरून पावती घ्यायची असते.

२०२२ साली शेवटच्या वर्षाला असलेल्या आपल्याच समाजातल्या एका मुलाच्या खात्यात असे पैसे आले. मे महिना होता. घरावरचे पत्रे गळत होते, आईचे औषधपाणी चालू होते. बापाने विचारले, हे पैसे कसले? पोरगा म्हणाला, माझ्या शिष्यवृत्तीचे. पत्रे बदलले, दवाखान्याचे देणे फिटले. कोणी दारूत उडवले नाहीत, कोणी चैन केली नाही. पण निकाल लागल्यावर तो कागदपत्रे घ्यायला आला, तेव्हा त्याच्या नावावर फी बाकी निघाली. हातातली नोकरी कागदाअभावी गेली. वर्षभर रात्रपाळी करून त्याने ती रक्कम भरली.

तो मला म्हणाला, "सर, मला कोणी सांगितलंच नाही." मी नोटीस बोर्डाकडे बोट दाखवले. नोटीस मीच लावली होती, सरकारी भाषेत, बारीक अक्षरांत. बंधूंनो, खिडकीतून दोन मिनिटे बाहेर येऊन "पोरा, हे पैसे तुझे नाहीत, फीचे आहेत" एवढे मी बोललो असतो तर त्याचे वर्ष वाचले असते. रांग मोठी होती हे खरे. पण रांगेतली मुलेही आपलीच होती. ते मला आजही टोचते.

म्हणून पालकांना हात जोडून विनंती. एक दोनशे पानी वही करा. वर मुलाचे नाव, कोर्स, अर्जाचा क्रमांक. खाली दोन रकाने, एक फीचा, एक भत्त्याचा. पैसे आले की त्याच दिवशी कॉलेजच्या कार्यालयात विचारा, यातले फीचे किती? तेवढे भरा, पावती वहीला चिकटवा. भत्त्याच्या पैशात पुस्तके, पास आणि परीक्षेच्या काळातला खर्च.

आणि एक लक्षात ठेवा, शिष्यवृत्ती मागाहून येते. प्रवेश जून-जुलैत, पैसे कधी वर्ष संपताना, कधी त्याच्याही नंतर. तिच्या भरवशावर उधारी करू नका. सुरुवातीचे महिने काढण्यासाठी थोडे आधीच बाजूला ठेवा. कॉलेजची पुस्तक पेढी विचारा, 'कमवा व शिका' योजना असेल तर नाव द्या. प्रवेशाच्या वेळी पात्र विद्यार्थ्याकडे पूर्ण फी मागितली तर घाबरून परत येऊ नका. अशा विद्यार्थ्यांकडून ती आगाऊ घेऊ नये, असे शासनाने वेळोवेळी कळवले आहे. लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात जा. कर्ज घ्यायची वेळ आलीच तर सावकाराकडे जाऊ नका, बँकेच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी करा.

शेवटी विहार समितीकडे एक मागणी. जुलैपासून दर रविवारी वंदना झाल्यावर एक तास इथे शिष्यवृत्तीचे टेबल लावू या. खुर्ची नको, सतरंजीवर बसू. मी बसतो. कॉलेजात जाणारी आपली दोन-चार मुले-मुली मोबाईल घेऊन बसतील. प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव एका रजिस्टरमध्ये राहील. कोणाचा अर्ज परत आला, कोणाचा दाखला अडला, कोणाच्या खात्यात फीचे पैसे आले, ते आपल्याला वेळेवर कळेल. महिला मंडळाने घरोघरी निरोप द्यावा. आया ऐकतात, आणि आया ऐकल्या की पोरे येतात.

३२ वर्षे मी खिडकीच्या आत होतो. आता बाहेर बसायला मोकळा आहे. पहिल्या रविवारी येताना रेशनकार्ड, आधार, पासबुक आणि आजोबांचा जो असेल तो कागद घेऊन या. फाटका असला तरी आणा.

एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. जय भीम! नमो बुद्धाय!