खो देणारीच्या नावावर गुण लागत नाही

मी रत्नागिरीहून बोलतेय. दोन खेळणाऱ्या मुलांची आई. लेक दहावीत आहे, शाळेच्या 17 वर्षांखालच्या खो-खो संघात. धाकटा सातवीत, 14 वर्षांखालच्या. तुम्ही मैदानात असता तेव्हा आम्ही पालक दोरीबाहेर उभे असतो. तिथून काय दिसतं, आणि काय दिसतच नाही, ते आज सांगते.

आधी शाळेचा सीझन म्हणजे काय, ते बघू. तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य, आणि तिथून निवड झालीच तर राष्ट्रीय. आपल्या जिल्ह्यात मंडणगडपासून राजापूरपर्यंत 9 तालुके. पुढे आपला विभाग कोल्हापूर, म्हणजे समोर सांगली-साताऱ्याची तयारीची पोरं. सामने बहुतेक बाद पद्धतीने. हरलात की घरी. त्यामुळे जून-जुलैचा पाऊस अंगावर घेऊन, लाल चिखलात अनवाणी सराव करायचा, आणि सगळा सीझन पाऊण तासात संपायचा, असंही होतं. वर गेलं की पुष्कळदा मॅट असते. मातीतल्या पायांना ती पकड वेगळी लागते. पोरं तेही पटकन शिकतात.

आता दोरीबाहेरचं. खो-खोत आक्रमण करताना नऊ जणी मैदानात. आठ बसलेल्या, एक पळणारी. गडी बाद झाला की टाळ्या कुणाला? जिचा हात लागला तिला. पण तिला अचूक वेळी खो कुणी दिला? आपल्याला गडी मिळत नाही हे ओळखून, हाव न धरता, पाठीला हात लावून 'खो' म्हणून जी खाली बसली, तिचं नाव गुणपत्रकात येत नाही. आम्ही पालक मात्र घरी आल्यावर पहिला प्रश्न विचारतो, "किती गडी मारलेस?"

माझी लेक एकदा म्हणाली, "आई, आज एकपण नाही. पण माझे खो बघितलेस का?" तेव्हापासून मी खो बघायला लागले. आणि खरं सांगते, खेळ तेव्हा कुठे मला कळायला लागला.

धाकट्याची गोष्ट वेगळी. संघात बारा जण, खेळणार नऊ. हा उरलेल्या तिघांत. दोन सामने झाले, मैदानात पाऊलही पडलं नाही. घरी येताना रिक्षात गप्प. मला वाटत होतं, काहीतरी समजुतीचं बोलावं. 'पुढच्या वर्षी खेळशील' वगैरे. पण पुढच्या वर्षी खेळेलच, हे मी कशाच्या जोरावर सांगणार? म्हणून विचारलं, "बाहेर बसून तुला काय दिसलं?" तर गडी सुरू झाला! त्यांचा तो उंच मुलगा दर वेळी खांबाजवळ डावीकडेच वळतो, आपला चौथ्या जागेवरचा उठायला उशीर करतो... घर येईपर्यंत बोलत होता. दुसऱ्या दिवशी ते त्याने सरांना सांगितलं. संघात जागा अजून नाहीच मिळालेली. सरावाला जातोय मात्र रोज.

आता मुख्य मुद्दा, दहावी. लेक दहावीत गेली आणि नात्यातले सगळे एका सुरात, "आता एक वर्ष खेळ बंद." मला त्यात एक गोष्ट खटकली. मुलगा असता तर 'जरा कमी खेळ' म्हणाले असते. मुलीला थेट 'बंद'. आणि मुलीचं एकदा बंद झालं की अकरावीत कुणी तिला हाताला धरून मैदानावर आणत नाही.

दुसरीकडे काही जण म्हणाले, "खेळू दे, सवलतीचे गुण मिळतील." मिळतात, खरं आहे. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षणही आहे. पण ते सगळं ठरावीक पातळी गाठली तर. तालुक्याला हरलेल्या पोरीने मग काय समजायचं, वर्ष वाया गेलं?

आम्ही साधा हिशोब केला. शालेय सीझन पावसाळ्यात सुरू होतो, बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. वेळापत्रक तिनेच लिहिलं. जिथे हरू तिथे सराव थांबेल, हीही तिचीच अट. तालुका जिंकल्या, जिल्ह्याला उपांत्य सामन्यात हरल्या. खूप रडली. मी काही बोलले नाही, नुसती पाण्याची बाटली धरून उभी राहिले.

2025 च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला 78–40 असं हरवलं, मुलांनीही जिंकला. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर. आमच्या घरी तो सामना मोबाईलवर चौघांनी डोकी लावून पाहिला. आमची लेक तिथे पोचेल असं मी म्हणत नाही. बहुतेक मुलांचा सीझन तालुक्याला नाहीतर जिल्ह्यालाच संपतो. म्हणून तर तो तिथे संपला तरी पोराच्या हाती काय उरलं, हे बघायला हवं.

आमच्याकडे काय उरलं? अभ्यास सुरू झालाय, सराव बंद. फक्त शनिवारी अर्धा तास ती मैदानावर जाते. का, तर म्हणे, "आठवीतल्या पोरी जागेवर नीट बसतच नाहीत गं, उठायला उशीर होतो. दाखवायला नको?"

तुमच्या घरी 'किती गडी मारलेस' विचारत असतील, तर रागावू नका. आम्हाला दोरीबाहेरून तेवढंच दिसतं. बाकीचं तुम्ही सांगा. आणि पटलं तर हा भाग आईबाबांनाही ऐकवा. भेटू, काळजी घ्या.