उंच खिंडींसाठी मोटारसायकलची निवड
मनाली-लेह मार्गावरील तांगलांग ला ही खिंड सुमारे 5,300 मीटर उंचीवर असून तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असल्याने, अशा प्रवासासाठी मोटारसायकल निवडताना कमाल वेगापेक्षा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा पीळ, इंजिनाच्या कमी फेऱ्यांत किती मिळतो हे पाहणे अगत्याचे ठरते. विरळ हवेत कार्ब्युरेटर, म्हणजे हवा-पेट्रोल यांचे मिश्रण करणारा भाग, पेट्रोलचे प्रमाण पुरेसे घटवू शकत नाही व इंजिन गुदमरते; संवेदकांच्या आधारे ते प्रमाण राखणारी फ्युएल इंजेक्शन प्रणाली येथे निःसंशय सरस होय. याच मार्गावरील तांडी येथील पेट्रोल पंपानंतर लांबपर्यंत पेट्रोलची खात्री नसल्याने मोठी टाकी हवीच. वजनाकडे मात्र खेदजनक दुर्लक्ष होते. वितळलेल्या बर्फाच्या नाल्यात आडवी झालेली गाडी थकलेल्या चालकाला एकट्याने उभी करता आली पाहिजे.