एकाच माथ्यावरचें पाणी

महाबळेश्वरास जाणारा प्रवासी बहुधा दोन दिवसांत सारे कडे पाहून परततो. वेण्णा तलावांत नौकाविहार झाला, सूर्यास्त पाहिला, मधाची बाटली घेतली, कीं सहल सफळ झाली असें त्यास वाटतें. परंतु तेथील दोन स्थळें एकमेकांशीं जोडून पाहिल्यावांचून या डोंगराचें खरें दर्शन घडत नाहीं.

पहिलें स्थळ म्हणजे क्षेत्र महाबळेश्वर येथील पंचगंगेचें देऊळ. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री या पांच नद्यांचा उगम येथें मानतात. दुसरें स्थळ तेथून पुढें असलेला आर्थरसीटचा कडा. त्याच्या पायथ्याशीं सावित्रीचें खोल खोरें पसरलेलें आहे. सावित्री पश्चिमेस कोंकणांत उतरते व बाणकोटापाशीं अरबी समुद्रास मिळते. कृष्णा पूर्वेची वाट धरते. माहुलीस वेण्णा व कऱ्हाडास कोयना तिला भेटतात, आणि सुमारें १,४०० किलोमीटर वाहून ती बंगालच्या उपसागरास पोंचते. एकाच माथ्यावर पडलेला पाऊस असा दोन समुद्रांत वांटला जातो.

समुद्रावरून येणारे ढग या कड्यांवर चढतां चढतां थंड होतात आणि माथ्यावर वर्षाकांठीं ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पाडतात. पूर्वेस वीस किलोमीटरांच्या आंत असलेल्या पांचगणीस त्याच्या निम्माहि पाऊस मिळत नाहीं. माथ्यावरील सच्छिद्र जांभा दगड हें पाणी मुरवून घेतो. खालचा काळा पाषाण तें सहसा आंत शिरूं देत नाहीं, म्हणून दोहोंच्या सांध्याशीं झरे फुटतात. जांभूळ, हिरडा व अंजनी यांचें बुटकें, दाट रान माती धरून ठेवतें. रान गेलें तर माती वाहून जाईल, आणि पावसाचें पाणी मुरण्याऐवजीं उतारावरून धांवत सुटेल.

याकरितांच २००१ सालीं केंद्र सरकारनें महाबळेश्वर-पांचगणीचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवून बांधकाम व वृक्षतोड यांवर बंधनें घातलीं. माथ्यावर आणखी एक विश्रामगृह हवें असें म्हणणाऱ्या प्रवाशानें तीं जाचक मानण्यापूर्वीं थोडा विचार करावा. त्याचें घर वाईस, कऱ्हाडास अथवा सांगलीस असेल, तर त्याच्या गांवावरून वाहणारी कृष्णा याच रानांतून निघालेली असते.