म्हसवडची पेढी

सातारा जिल्ह्याचे दोन चेहरे आहेत. पश्चिमेस महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. पूर्वेस माण तालुक्यात कित्येक वर्षी पाचशेही पडत नाही. माण नदी येथून निघून सांगली जिल्ह्यातील आटपाडीकडे जाते, आणि दुष्काळही तिच्याबरोबर सीमा ओलांडतो. या मुलखात नशीब काढणे म्हणजे गाव सोडणे, असाच अर्थ रूढ झाला होता. माणचे पुरुष मुंबईच्या गिरण्यांत गेले. आटपाडी-खानापुराकडचे सोने गाळण्याच्या धंद्यासाठी थेट परप्रांती पोहोचले. ज्याची मनीऑर्डर मोठी, तो यशस्वी. मागे राहिलेली बाई शेळ्या राखी, भाजी विकी, रोजगारास जाई. पण तिच्या उलाढालीस कोणी धंदा म्हणत नसे.

मुंबईत वाढलेल्या आणि जयप्रकाशांच्या चळवळीतून आलेल्या चेतना गाला सिन्हा विवाहानंतर माणच्या म्हसवड गावी स्थायिक झाल्या. तेथे रस्त्याच्या कडेस लोहारकाम करणारी एक बाई त्यांच्याकडे आली. तिला रोजचे चार पैसे साठवायचे होते. कशासाठी? पावसाळ्यापूर्वी डोक्यावर प्लॅस्टिकचे छप्पर घालण्यासाठी. एवढीशी रक्कम ठेवून घेण्यास एकही बँक तयार नव्हती. तेव्हा बायकांनी स्वतःचीच बँक काढावयाचे ठरविले. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक बायका निरक्षर होत्या. दिवसभर राबून या बायका अक्षरे गिरवू लागल्या, आणि काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या. आमच्या लहानपणी गावात शाळाच नव्हती, त्यात आमचा काय दोष, असे त्यांनी विचारले. मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो. तुमच्या साहेबांनीही यंत्रावाचून काढावे, मग पाहू कोण आधी सांगते, असे आव्हानही दिले. आयुष्यभर सावकाराचे व्याज भरलेल्या माणसास ते गणित वेगळे शिकवावे लागत नाही! १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

पेढी निघाली, तरी बाई पेढीत येईना. आली तर दिवसाचा रोज बुडे. मग बँकच तिच्या दारी आणि बाजारात जाऊ लागली. पासबुकाची अडचण याहून नाजूक होती. ते नवऱ्याच्या दृष्टीस पडले की साठलेल्या पैशास पाय फुटत. म्हणून पुढे कार्डाची सोय करण्यात आली. शहरातील सुशिक्षित गृहिणीही डाळीच्या डब्यात नोटा का लपविते, याचा विचार केला म्हणजे ही अडचण केवळ खेड्याची नव्हे, हे ध्यानी येईल.

पुढे व्यवसायशाळा निघाली, २००८ साली नभोवाणी केंद्रही झाले. २०१८ साली दाव्होसच्या जागतिक आर्थिक परिषदेत चेतनाताई सहअध्यक्षा होत्या. बाहेरचे जग यशाची मोजदाद अशा मानसन्मानांनी करते. म्हसवडचे माप निराळे आहे.

२०१२ च्या दुष्काळात एक बाई अंगावरचे दागिने गहाण ठेवण्यास बँकेत आली. पैसे कशास हवेत, तर जनावरांच्या वैरणीस. वैरण संपली होती, पाणी आटले होते, आणि दावणीची जनावरे हेच तिचे भांडवल होते. सोने तिच्या लेखी त्याच्या खालचे. तिच्या त्या मागणीतूनच म्हसवडास मोठी चारा छावणी उभी राहिली, आणि आसपासच्या गावांतील बाया आपापली जनावरे घेऊन तेथे येऊन राहिल्या.