शेवटचे पाच मिलिग्रॅम



फॅमिली डॉक्टरांच्या सभेत अध्यक्षाने आपल्या व्यवसायाच्या भवितव्याविषयी बोलावं अशी रीत आहे. ते काम माझ्या आधीच्या अध्यक्षांनी पुरेसं करून ठेवलं आहे. मी आज एका गोळीविषयी बोलणार आहे, आणि तीही सुरीने अर्धी केलेली.

चार वर्षांपूर्वी एका सकाळी वेणी घालायला माझे हात वर जाईनात. मान, खांदे, मांड्या रात्रभर कुणी आवळून बांधल्यासारख्या. दहा-साडेदहाला मोकळ्या व्हायच्या. वय 61, ईएसआर 84. पॉलिमायल्जिया ऱ्हुमॅटिका. दुसऱ्या कुणाला झालं असतं तर मला हे नाव लगेच सुचलं असतं, असं म्हणायला आवडेल. पण आपल्याकडे हा आजार कमी दिसतो, आणि डॉक्टर स्वतःची तपासणी सगळ्यात शेवटी करतो. तीन महिने मी कॅल्शियम आणि तीळतेलात घालवले. मग प्रेडनिसोलोन 15 मिलिग्रॅम सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी मी वरच्या फडताळातला पिठाचा डबा स्वतः काढला.

हे नवल जगाने पहिल्यांदा पाहिलं 1948 च्या सप्टेंबरात. मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिसोन टोचलं आणि ती काही दिवसांत चालू लागली. 1950 साली हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. त्या मानाने, औषध उतरवताना काय होतं याची गोष्ट आपल्याला कुणी रंगवून सांगितली नाही. 1952 मध्येच अमेरिकेतल्या डॉक्टरांनी कॉर्टिसोनवर असलेला एक रुग्ण शस्त्रक्रियेनंतर शॉकमध्ये दगावल्याची नोंद केली होती. त्याच्या अधिवृक्क ग्रंथी सुकून गेल्या होत्या. परीक्षेसाठी हे आपण सगळे वाचतो. चिठ्ठी लिहिताना मात्र ‘हळूहळू कमी करा’ एवढ्या दोन-तीन शब्दांत आटोपतो.

15 वरून 10 पर्यंत मी मजेत उतरले. 10 च्या खाली महिन्याला 1 मिलिग्रॅम, हेही निभलं. 5 वरून 4 वर आले आणि दुपारी बाराला ओपीडीत पेन जड व्हायला लागलं. ताप नाही, सूज नाही, सीआरपी उत्तम. ज्यांना दाखवलं त्यांनी रिपोर्ट चाळले आणि म्हणाले, ‘मॅडम, सगळं नॉर्मल आहे. आता वय झालं.’ राग आला, पण जिरवला. हे वाक्य मी स्वतः 30 वर्षं बोलत आले होते.

पाचलाच पाय का अडखळतो? निरोगी शरीर रोज जेवढं कॉर्टिसॉल तयार करतं, त्याच्या जवळपास तेवढं काम 4 ते 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन करतं. तोवर बाहेरून येणाऱ्या डब्यावर घर चाललेलं असतं. चूल विझली आहे हे कळत नाही. डबा त्याच्या खाली गेला की चूल पेटवावी लागते. आधी पिट्युटरीने हाक मारायची, मग ग्रंथीने ओ द्यायची. ती ओ यायला कुणाला आठवडे लागतात, कुणाला वर्ष.

पण प्रत्येक थकव्याचं खापर त्या चुलीवर फोडू नका. आपली भाषा इथे सीटी स्कॅनपेक्षा उपयोगी आहे. ‘थकवा’ हा शब्द पेशंट आपल्यासाठी वापरतो. घरी तो वेगळं बोलतो, तेच बोलायला लावा. ‘अंग आंबलंय, सकाळी आखडतं’ असं एखादी म्हणाली तर मूळ आजार डोकं वर काढतोय का बघा. ‘उठलं की अंधारी येते, मळमळतं, पार गळून जाते’ असं असेल तर रक्तदाब उभं करून मोजा आणि सकाळी आठ-नऊचं कॉर्टिसॉल मागवा, आदल्या दिवशीच्या गोळीनंतर 24 तासांनी आणि त्या दिवशीची गोळी घेण्याआधी. 10 मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर ग्रंथी जागी झाली, 5 च्या खाली असेल तर गोळी चालू ठेवायची; अधलंमधलं आलं तर थांबून पुन्हा तपासायचं. ‘मांडी घालून बसले की हात टेकल्याशिवाय उठता येत नाही’ हा स्नायूंचा अशक्तपणा आहे, तो स्टेरॉईडनेच आणलेला, आणि त्यावर आराम हा उलटा उपाय. ‘कशातच राम वाटत नाही’ असं कुणी म्हणालं तर कृपा करून हिमोग्लोबिन लिहून मोकळे होऊ नका. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12, साखर बघायचीच आहे, पण ते वाक्य ऐकून झाल्यावर.

आणि एक पाचवा प्रकार आहे, जो मला झाला. आजार शांत, कॉर्टिसॉल ठीक, तरी शरीराला जुन्या मात्रेची सवय. याला रिपोर्ट नाही. याला वेळ लागतो.

त्या वेळेचं मी काय केलं ते सांगते. खाली उतरायचं थांबवलं, 4 वरून पुन्हा 5 वर गेले आणि दोन महिने तिथेच राहिले. परत 15 वर उडी मारली नाही, जी मारायचा मोह रोज व्हायचा. गोळी न्याहारीनंतर दहाला घेत होते, ती उठल्या उठल्या दूध-बिस्किटाबरोबर घ्यायला लागले. ओपीडी दोन भागांत केली. रोज 15 मिनिटं चालणं आणि खुर्चीतून दहा वेळा हात न टेकता उठणं. सगळ्यात अवघड होतं चांगल्या दिवशी माळे आवरायला न काढणं. बरं वाटलं की आपल्या बायका आठवड्याचं काम एका दिवसात उरकतात आणि पुढचे तीन दिवस झोपून काढतात. मग सासू म्हणते, काल तर धावत होती! दुसऱ्यांदा उतरताना एकदम 1 ऐवजी अर्धा मिलिग्रॅम. गावच्या दुकानात 1 ची गोळी नव्हती, म्हणून सुरी आणि सूनबाईचं चष्म्याशिवायचं नेमकं नजरमाप.

मुलीच्या लग्नाच्या महिन्यात, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या आठवड्यात मात्रा कमी करू नका. एकादशीला न्याहारी नाही म्हणून गोळीही राहते. हे विचारल्याशिवाय पेशंट सांगत नाही. उलट्या लागल्या आणि गोळी पोटात ठरत नसेल तर तो घरी ओआरएस पिऊन काढायचा दिवस नव्हे, हायड्रोकॉर्टिसोनचं 100 मिलिग्रॅमचं इंजेक्शन द्यायचा आहे. आणि सांधेदुखीच्या निनावी पुड्या? त्यातल्या कित्येकांत स्टेरॉईड दळलेलं असतं. पुडी बंद करून गळून आलेला म्हातारा हाही स्टेरॉईडवरून उतरणाराच पेशंट आहे, फक्त त्याला आणि आपल्याला ते माहीत नसतं.

माझी मागणी छोटी आहे. आजपासून स्टेरॉईड कमी करायची चिठ्ठी लिहाल तेव्हा खाली मराठीत तीन गोष्टी लिहा: कोणत्या तारखेला किती गोळी, मध्ये थकवा येऊ शकतो, तो आला तर मनाने गोळी सोडू नका किंवा वाढवू नका, आणि तुमचा फोन नंबर. नंबर लिहायला आपण कचरतो, मला ठाऊक आहे. गेल्या तीन वर्षांत मला रात्री दहानंतर फक्त चार फोन आले. त्यातला एक उलट्यांचा होता आणि ती बाई आज इथे पहिल्या रांगेत बसली आहे.

माझी सध्याची मात्रा अडीच मिलिग्रॅम. आता जेवणापूर्वीचं पहिलं सत्र सुरू करूया, आणि मला खुर्ची द्या.