मोजणीतून कोणी निसटू नये



सुईने नशा करणाऱ्यांची यादी कोठेही नसते. मग त्यांच्यातील एचआयव्हीचे प्रमाण आम्ही जाणावे कसे? अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डग्लस हेकाथॉर्न यांनी १९९७ मध्ये यावर एक पद्धत मांडली. पाहणीत सहभागी झालेली व्यक्तीच मोजकी कुपने देऊन आपल्या ओळखीच्यांना घेऊन येते. मात्र ज्याच्या ओळखी अधिक, त्याच्या हाती कुपन पडण्याची शक्यताही अधिक. म्हणून २० ओळखी असलेल्याच्या उत्तराला ५ ओळखी असलेल्याच्या उत्तराच्या एक-चतुर्थांश वजन दिले जाते.

सारा हिशेब या ओळखींच्या आकड्यावर उभा असतो. ‘किती जणांना ओळखता?’ असे मोघम विचारल्यास १०, ५०, १०० अशी ठोकळ उत्तरे मिळतात. यास्तव प्रश्न नेमका हवा : याच शहरात राहणारे, सुईने नशा करणारे, परस्परांना नावानिशी ओळखणारे आणि गेल्या महिन्यात आपणांस भेटलेले किती?

एकाकी माणसाला हिशेबात योग्य स्थान न मिळाल्यास उपचारांच्या नियोजनातही तो मागे पडतो. आपले दान त्याच्यापर्यंत पोहोचावयाचे, तर हा साधा प्रश्न विचारण्यातही आम्ही काटेकोर राहिले पाहिजे.