डिकीतला हवेचा पंप

पेट्रोल पंपावर हवा भरायला गाडी उभी केली, की तिथला मुलगा नळी ओढता ओढता विचारतो, ‘किती?’ आपण म्हणतो, ‘टाक तीस-बत्तीस.’ आपल्या गाडीला नेमकी किती हवा लागते हे त्याला ठाऊक नसतं आणि पुष्कळदा आपल्यालाही नसतं. खरं तर तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर, नाहीतर पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एका लहानशा पट्टीवर छापलेला असतो. बहुधा दोन आकडे असतात, एक एरवीचा आणि दुसरा गाडी माणसांनी-सामानानं भरल्यावरचा. टायरच्या अंगावर उमटवलेला मोठा आकडा मात्र वेगळा. टायर जास्तीत जास्त किती दाब सोसेल, एवढंच तो सांगतो. तेवढी हवा भरायची नसते.

मी बरीच वर्षं तंत्रनिकेतनात मोटारगाड्यांचा विषय शिकवला. त्यामुळे ओळखीचे लोक मला हमखास विचारतात, ‘सर, ते हवा भरायचं छोटं यंत्र निघालंय, त्यातलं कोणतं घेऊ?’ मी उलट विचारतो, ‘कशाला हवंय?’ ‘वाटेत पंक्चर झालं तर,’ असं उत्तर येतं. ते बरोबर आहे, पण अर्धंच. पंक्चर वर्षातून एखाद्या वेळी होणार. या यंत्राचा रोजचा उपयोग निराळा आहे. ते घरी असलं की थंड टायरची हवा मोजता येते.

पट्टीवरचा आकडा थंड टायरसाठी असतो. गाडी निदान तीन तास उभी असावी, तेव्हाचा तो दाब. आपण पेट्रोल पंपावर पोचेपर्यंत टायर तापलेला असतो आणि आतल्या हवेचा दाब तीन-चार पीएसआयनं चढलेला असतो. समजा, गाडीला हवेत ३३. तापलेल्या टायरमध्ये ३६ दिसतात. मुलगा म्हणतो, ‘साहेब, जास्त आहे,’ आणि फुस्स करून तीन सोडून देतो. आपण समाधानानं निघतो. रात्री टायर थंड झाला, की तिथं तीसच उरतात.

त्यातच एक समज आपल्याकडे घट्ट रुजला आहे. उन्हाळ्यात टायर फुटतात, म्हणून हवा कमी ठेवावी. चांगले अनुभवी चालक हे सांगतात, आणि ते नेमकं उलटं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते. वाकण्यानं रबर आणि आतले धागे तापतात, आणि वेग जितका जास्त तितके लवकर तापतात. योग्य दाबाच्या टायरला उन्हानं होणारी तीन-चार पीएसआयची वाढ सहज पेलते. कमी हवेनं आतून तापलेला टायर मात्र टिकत नाही. नागपूर-शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ ला सगळा ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. मोटारींना तिथे ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. गावात ४० च्या वेगानं वर्षानुवर्षं खपून गेलेली हवेची हयगय अशा सिमेंटच्या रस्त्यावर मे महिन्याच्या दुपारी तासाभरात अंगाशी येते. टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या आल्या, आणि २०२३ मध्ये या मार्गावर टायर तपासून झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवाव्या लागल्या. घासलेला टायर तपासणाऱ्याच्या डोळ्यांना दिसतो. चार-पाच पीएसआयनं कमी झालेली हवा दिसत नाही, ती मोजावीच लागते.

म्हणून यंत्र घेताना मी सर्वांत आधी त्याचा दाबमापक पाहतो. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘१५० पीएसआय’ लिहिलेलं असतं आणि गिऱ्हाईक त्यावर खूश होतं. मोटारीला तीस-पस्तीस लागतात, १५० चं करायचं काय? आपल्याला दोन गोष्टी हव्यात: दाखवलेला आकडा खरा असावा आणि हवा पुरेशी सुटावी. एका लहान मोटारीच्या टायरच्या पोटात साधारण २५ ते ३० लिटर जागा असते. तो पार रिकामा झाला तर ३२ पीएसआयपर्यंत नेायला बाहेरची साठेक लिटर हवा कोंबावी लागते. मोठ्या एसयूव्हीला जवळपास दुप्पट. यंत्रावर मिनिटाला ३५ लिटर लिहिलं असलं, तरी तो आकडा पुढे काहीच अडथळा नसतानाचा असतो. दाब चढतो तशी हवा कमी कमी जाते. चार-पाच मिनिटं लागतील असं धरून चाला. मग खोक्याच्या मागचा बारीक मजकूर वाचा. सलग किती मिनिटं चालवता येईल ते तिथे लिहिलेलं असतं. हवा दाबली की तापते, पंपही तापतो. आठ-दहा मिनिटांनी विश्रांती मागणारा पंप लहान गाडीला चालेल, पण एसयूव्हीच्या बसलेल्या टायरपाशी तो मध्येच थांबेल.

वायरीचं घ्यावं की बॅटरीचं? मोटारीसाठी माझा कल वायरीच्या यंत्राकडे आहे. ते गाडीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालतं, चार्ज करायचं विसरण्याचा प्रश्नच नाही. मात्र सॉकेटची मर्यादा पाहा. झाकणावर ‘१२० वॅट’ असेल तर ते दहा अँपिअरचं झालं. पंधरा अँपिअर ओढणारं यंत्र लावलंत तर फ्यूज उडेल. हवा भरताना इंजिन चालू ठेवावं, पण बंद गॅरेजमध्ये कधीही नाही, धूर जीवघेणा असतो. काही नव्या गाड्यांत बारा व्होल्टचं सॉकेटच नसतं, फक्त यूएसबीची खाच असते, तेही आधी पाहून घ्या.

स्कूटरवाल्यांना मात्र बॅटरीचंच बरं. माझी पुतणी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. रात्रपाळी संपवून स्कूटरनं वीसेक किलोमीटर घरी येते. मागच्या पावसाळ्यात पहाटे साडेचारला मागचं चाक डगडगू लागलं. टायरमध्ये खिळा होता. रस्त्यात ना दिवा, ना दुकान. तिनं खिळा काढला नाही, हे फार चांगलं केलं. ट्यूबलेस टायरमध्ये खिळाच भोकाचं बूच होऊन बसतो. सीटखालचं यंत्र काढून दोन मिनिटांत हवा भरली आणि निघाली. वाटेत आणखी दोनदा थांबून भरली आणि सावकाश घरी पोचली. ते यंत्र ती दर महिन्याला पगाराच्या दिवशी चार्ज करते. पडून राहिलेली बॅटरी हळूहळू उतरत जाते, त्यामुळे दिवस ठरवलेला बरा. उन्हात उभ्या मोटारीत बॅटरीचं यंत्र ठेवू नये. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर नकोच.

यंत्राचं टोक आट्यांनी फिरवून बसवायचं असेल, तर काढताना थोडी हवा सुटते. खटक्याचं असेल तर कमी सुटते. ठरवलेल्या दाबाला आपोआप बंद होणारं आणि दिवा असलेलं यंत्र घ्यावं. सायकलचा व्हॉल्व्ह बहुधा वेगळा असतो, त्याचं जोडटोक सोबत आहे का पाहावं.

हे यंत्र काय करणार नाही, तेही सांगतो. टायरची बाजू फाटली असेल किंवा टायर रिमवरून सुटला असेल, तर त्याच्यानं काही व्हायचं नाही. ट्यूबच्या टायरमधली हवा पंक्चर झाल्यावर झपाट्यानं जाते, तिथेही ते निरुपयोगी. २०२० साली नियम बदलला. टायर ट्यूबलेस असतील, दुरुस्तीचा संच आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल, तर लहान गाडीत स्टेपनी नसली तरी चालते. तुमच्या गाडीत स्टेपनी आहे की नुसता संच, हे आजच डिकी उघडून पाहा. द्रुतगती मार्गावर रहदारीच्या बाजूचं चाक बसलं असेल, तर तिथे उकिडवं बसून हवा भरू नका. गाडी सुरक्षित जागी नेता येत नसेल, तर माणसांनी आधी कठड्यापलीकडे जावं आणि मदत बोलवावी.

पंप घरी आणल्यावर खोकं आणि पावती फेकू नका. सकाळी गाडी हलवण्यापूर्वी एकाच टायरची हवा तीनदा मोजा. तीनही वेळा जवळपास तोच आकडा आला पाहिजे. मग चांगल्या, वेगळ्या दाबमापकाशी तो ताडून पाहा. एका पीएसआयचा फरक चालेल, तीनचा असेल तर यंत्र परत करा. शेवटी वायर सॉकेटला लावून चारही चाकांपर्यंत नळी पोचते का पाहा. मागच्या डाव्या चाकाशी ती बहुधा अपुरी पडते.